बेळगावात राहायचं तर सरकारी कागद कुठल्या भाषेत मागायचा?

शहापूरची सून
माहेर कोल्हापूर, सासर बेळगावचं शहापूर. परवा घरपट्टीची नोटीस आली, सगळी कन्नडमध्ये. रक्कम आकड्यांवरून कळली, पण दंड कशाचा ते शेजारच्या काकांनी वाचून दाखवलं. सासरी म्हणतात, "कन्नड शिक, विषय संपला." हीच माणसं 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, दंडाला काळी फीत बांधून काळ्या दिनाच्या फेरीत जातात, आणि माझ्या मते दोन्ही बरोबर आहे. कन्नड मी शिकतेय, बाजारात बोलतेय. पण घरावर बोजा चढवणारा कागद मला वाचता यायला हवा. 1956 मध्ये केंद्रानं ठरवून दिलंय: जिथं भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या. बेळगाव, खानापूर, निपाणीत आपण त्याच्या कितीतरी वर आहोत.

उद्यमबागवाला
वहिनी, पटलं नाही. महाराष्ट्रानं 2022 मध्ये सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची केली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. कर्नाटकानं 2024 मध्ये पाटीवर 60 टक्के कन्नड म्हटलं की ओरड का? आमच्या कारखान्यात बिहारची पोरं येतात, वर्षभरात कन्नड-मराठी दोन्ही बोलतात, हिंदीत कागद मागत नाहीत. सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात 2004 पासून पडून आहे. तोवर आपल्या पोरांनी काय करायचं? कन्नड कच्चं राहिलं की सरकारी नोकरीचं दार बंद.

खानापूरकर
बिहारची पोरं पोटासाठी आली, वहिनी लग्न होऊन आल्या. घटनेच्या 19व्या कलमानं देशात कुठंही राहायची मोकळीक आहे, छान आहे. पण आम्ही कुठून आलोच नाही हो! 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. आमच्या शेताचा आजोबांच्या वेळचा कागद मराठीत, माझा उतारा कन्नडमध्ये. वारसा नोंदीत आडनाव चुकलं. वाचता आलं असतं तर सही करण्याआधीच बोललो असतो. आता दुरुस्तीसाठी कचेरीत खेटे घालतोय.
पाटीवर 60 टक्के कन्नड खुशाल घाला. उरलेल्या 40 टक्क्यांत मराठी लिहिलं तरी काळं फासायला येतात, ते कुठल्या कायद्यानं?

उद्यमबागवाला
40 टक्क्यांचं मान्य. काळं फासणं ही गुंडगिरीच. पण सही करण्याआधी वाचता यायचं तर कन्नड शिकणं हाच जवळचा रस्ता. इतक्या वर्षांच्या मोर्च्यांनी किती कागद मराठीत आले?

शहापूरची सून
सासूबाई पंचाहत्तरीच्या. त्यांनी आता कन्नड बाराखडी गिरवायची? पेन्शनचा कागद त्यांच्याही नावानं येतो, आणि त्यांच्या पैशाचा हिशेब शेजाऱ्याला कळल्याशिवाय त्यांना कळत नाही. हे मला सहन होत नाही.
मी नोटिशीची मराठी प्रत लेखी मागतेय. अर्ज कन्नडमध्येच लिहिलाय, काकांनी तपासला. एक प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवणार, 350ब कलमानं ते पद याचसाठी आहे. खानापूरकर, तुमच्या उताऱ्याचाही अर्ज सोबत द्यायचा का? सोमवारी जाणार आहे.