मदत हवी आहे: भाचीने दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन कॉलेज सोडावं का?

नमस्कार मंडळी. भाचीच्या वतीने विचारतोय. गाव निफाड तालुक्यात, कॉलेज नाशिकला, पुणे विद्यापीठाशी संलग्न. 2024-25 ला बीएस्सीला प्रवेश, म्हणजे संलग्न कॉलेजांतली नव्या शैक्षणिक धोरणाची पहिलीच बॅच. केमिस्ट्री मेजर, म्हणजे मुख्य विषय. दुसरं वर्ष आत्ताच संपलं.

दाजींची द्राक्षबाग अवकाळीत सापडली, सोसायटीचं कर्ज थकलंय. नाशिकच्या अंबडला एका कंपनीच्या लॅबमध्ये हेल्परची जागा ओळखीतून मिळतेय. दाजी म्हणतात, "दोन वर्षांवर डिप्लोमा मिळतो ना आता? घे आणि लाग कामाला. पैसे आले की पुन्हा शीक." प्रवेशाच्या वेळी कॉलेजने हेच सांगितलं होतं. आता ऑफिसात विचारलं तर क्लार्क म्हणतो, असा अर्ज घेऊन अजून कोणी आलेलंच नाही!

पोरगीही वैतागलीय. या सेमिस्टरला एकाच विषयाला तीन सर बदलले, तिघेही सीएचबीवाले (तासिका तत्त्वावरचे). त्यात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, आयकेएस (भारतीय ज्ञान प्रणाली)... टाइमटेबल बघून मलाच गरगरतं. पण शिकायचं नाही असं ती एकदाही म्हणाली नाही.

या डिप्लोमाला बाहेर किंमत आहे का? आणि खरंच परत येता येतं का?

गोदाकाठ: आधी कागदावरचं. दोन वर्षांची 88 क्रेडिट (विषय पास झाल्यावर जमा होणारे श्रेयांक) पूर्ण हवीत, शिवाय बाहेर पडताना 4 क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप. हे न करता सोडलं तर डिप्लोमा नाही, नुसता ड्रॉप. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत, आणि पदवी एकूण सात वर्षांत. डिजिलॉकरवर तिचं एबीसी खातं (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, जिथे क्रेडिट जमा होतात) उघडून चारही सेमिस्टरची क्रेडिट दिसतात का ते आजच बघा. आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर तिथेच घोडं अडतं.

सातपूरकर: वीस वर्षं एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहे. डिप्लोमा म्हटलं की आमच्या एचआरला पॉलिटेक्निकच आठवतं. बीएस्सीतून दोन वर्षांनी बाहेर पडलेल्या पोरीला बारावी पास धरतील, पगारही तसाच. बीएस्सी केमिस्ट्री पूर्ण असेल तर केमिस्ट म्हणून घेतात. एका वर्षासाठी सोडू नका हो. कॉलेजात 'कमवा आणि शिका' आहे का विचारा. अगदीच नाही जमलं तर मुक्त विद्यापीठ आपल्या गंगापूर धरणाजवळच आहे, पण आधीची क्रेडिट किती धरणार ते लेखी घ्या.

धागाकर्ता: दोघांचे आभार. एबीसी उघडलं. तिसऱ्या सेमिस्टरची क्रेडिट दिसतच नाहीत. आधारवर वडिलांचं नाव आधी आहे, मार्कशीटवर आडनाव आधी. त्यामुळेच असेल का? सोमवारी कॉलेजात जातोय. हे विद्यापीठाच्या नाशिक उपकेंद्रात सुटतं की पुण्याला चक्कर मारावी लागते? कोणी केलं असेल तर सांगा.

सातपूरकर, तुमचा प्रतिसाद दाजींना वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, केमिस्टला पगार किती असतो?