थंडीत सायकलने ऑफिस : स्वेटर की नको?

स्वेटर घातला की अर्ध्या रस्त्यात घामाघूम, नाही घातला तर काकडायला होतं, काय करू असं विचारलंय ना, अहो पुण्यात डिसेंबर जानेवारीत हे रोजचंच आहे, सकाळी १०-१२ डिग्री आणि दुपारी २८-३०. मी कोथरूडहून स्वारगेटला जातो, जाड स्वेटर कधीच सोडला, आत टीशर्ट आणि वर पातळ विंडचीटर बास. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, दहा मिनिटांत अंग तापतं. खरी थंडी म्हात्रे पुलावर, नदीवरचा गार वारा लागतो आणि बोटं इतकी बधिर होतात की ब्रेक किती दाबला तेच कळत नाही, त्यामुळे ग्लोव्हज आणि कानांना बफ (डोक्यातून घालायचं नळीसारखं ताणलं जाणारं कापड) हवंच हवं. ढगाळ असेल तर सकाळ उबदार असते, तेव्हा विंडचीटर बॅगेत, पण अवकाळी भुरभुर आली तर खूप जपा, धुळीवर आणि ऑइलवर पहिले थेंब पडले की वळणावर चाक सरकतं. आणि हो, थंडीत टायरमधल्या हवेचा दाब कमी होतो, आठवड्यातून एकदा पंप माराच. संध्याकाळी सहानंतर अंधार होतो, मागचा लाल लाइट चार्ज आहे ना बघूनच निघा.