'सिंफनी ऑफ सिक्रेट्स' : चोर आधीच कळला म्हणून रहस्य संपलं?

कोमल ऋषभ
परवा 'सध्या काय वाचताय' या धाग्यात पुस्तकी किडा यांनी ब्रेंडन स्लोकम्बच्या या कादंबरीचा दोन ओळींत निकाल लावला : "चोर कोण ते सुरुवातीलाच कळतं. आणि जुन्या कागदांत हरवलेला ऑपेरा सापडणं हे फक्त कादंबऱ्यांत होतं." तिथे लिहिलं असतं तर धागा भरकटला असता, म्हणून इथे. (पुढे रहस्यभेद आहे.)

चोर कळतोच! 1918 च्या न्यूयॉर्कमधला बेताचा पियानिस्ट फ्रेड डिलेनी जोसेफीन रीड या विलक्षण प्रतिभेच्या कृष्णवर्णीय मुलीच्या सुरांवर 'महान संगीतकार' होतो, हे लेखक लपवतच नाही. प्रश्न आहे तो आजच्या बर्न हेंड्रिक्सचा. डिलेनीच्या नावाने चालणाऱ्या फाउंडेशनच्या मदतीवर तो शिकला आणि आयुष्यभर डिलेनीवरच अभ्यास केला. आता जोसेफीन ज्यांत संगीत लिहून ठेवायची त्या चित्रविचित्र खुणांवरून त्याला सिद्ध करायचंय की हे संगीत तिचं आहे. कोणी केलं यापेक्षा ते कागदावर दाखवायचं कसं, यातच सगळा ताण आहे. संगीतसंशोधन असंच तर चालतं.

आणि कागद सापडत नाहीत? फ्लॉरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकार बाईंची पहिली सिंफनी 1933 मध्ये शिकागो सिंफनीने वाजवली. त्या 1953 ला गेल्या. पुढे 2009 मध्ये इलिनॉयमधल्या सेंट अ‍ॅन गावी एका पडक्या घरात त्यांच्या हस्तलिखितांचे गठ्ठे मिळाले, व्हायोलिन कॉन्चेर्टो आणि चौथी सिंफनी धरून. ही कादंबरी नाही.

पुस्तकी किडा
प्राइसबाईंचं माहीत आहे. पण त्यांचे कागद दाबायला कोणी माणसं पाठवली नव्हती. इथे फाउंडेशन इतकं काळंकुट्ट रंगवलंय की त्यातला एकही माणूस खरा वाटत नाही. जोसेफीनचा भाग उत्तम, मान्य. तेवढाच लिहायचा होता. आजचा भाग निव्वळ पळापळ.

ठाय लय
पळापळीबद्दल सहमत. जोसेफीनबद्दल मात्र "असं कुठे असतं" म्हणणाऱ्यांनी ब्लाइंड टॉम विगिन्स या अमेरिकन पियानोवादकाबद्दल वाचावं. 1849 चा जन्म, गुलामगिरीतला. अंध, एकदा ऐकलेलं वाजवून दाखवणारा. मैफली त्याच्या, पैसा त्याच्या मालकांचा, बेथ्यून कुटुंबाचा, आणि गुलामगिरी संपल्यावरही ते सुटलं नाही. हरवलेल्या ऑपेराबद्दल म्हणाल तर स्कॉट जॉप्लिन या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकाराचा 1903 चा 'अ गेस्ट ऑफ ऑनर' आजवर सापडलेला नाही.

मिरजेची तार
एवढ्या लांब कशाला जाता? आपल्याकडे संगीतशास्त्रकार पं. भातखंड्यांनी घराण्यांच्या खाँसाहेबांकडून चिजा (बंदिशी) गोळा केल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेत छापल्या. कोणती चीज कोणाच्या घरातून आली ते चिजेखाली शोधून दाखवा.

खर्ज
भातखंडे आणि डिलेनी एका पंगतीत? जरा तरी तारतम्य ठेवा! वकिली सोडून तो माणूस देशभर फिरला. क्रमिकचे सहा भाग नसते तर यातल्या कितीतरी चिजा त्या त्या घराण्याबरोबरच गेल्या असत्या. स्वतःच्या रचनांवर 'चतुर' अशी मुद्रा (रचनाकाराचं टोपणनाव) घातली, दुसऱ्यांच्या चिजांवर नाही.

मिरजेची तार
चोर म्हटलेलं नाही, आवाज चढवू नका. जयपूरच्या मुहम्मद अली खाँच्या मुलांकडून त्यांनी फोनोग्राफवर चिजा घेतल्या. वडिलांना कळल्यावर ते संतापले होते असं सांगतात. तो संताप मला कळतो. आमच्या गुरुजींची वही एका शिष्याने "झेरॉक्स काढून आणतो" म्हणून नेली. पुढे त्यातल्या बंदिशी त्याच्या पुस्तकात आल्या, प्रस्तावनेत "परंपरेने प्राप्त". गुरुजी काही बोलले नाहीत. गुरुमाउली (गुरुजींच्या पत्नी) मात्र आजही ते पुस्तक घरात ठेवू देत नाहीत.

खर्ज
वाईट झालं. पण ती गोष्ट अर्धी सांगू नका. तेच खाँसाहेब पुढे निवळले आणि भातखंडे त्यांना गुरू मानत. तुमच्या गुरुजींच्या शिष्याने तेवढं तरी केलं का?

ठाय लय
खर्ज, गुरू मानलं हे ठीक. पण क्रमिक उघडणाऱ्या विद्यार्थ्याला ते कुठे दिसतं? माझ्या आईने विशारदपर्यंत त्याच पुस्तकांतून गायलं. तिला मुहम्मद अली खाँ हे नाव मी सांगितलं.

खर्ज
हो, नावं छापायला हवी होती. तेवढं मान्य. चोरी मान्य नाही.

पुस्तकी किडा
कादंबरीवर कोणी बोलणार आहे का?

कोमल ऋषभ
हे कादंबरीवरच चाललंय. बर्नची अडचण ठाय लय यांच्या आईसारखीच आहे. ज्याच्या नावावर आपण शिकलो त्याच्यामागे आणखी कोण होतं, हे कळल्यावर तोंड उघडायचं की नाही? बर्न उघडतो. मला त्यासाठी पळापळ चालते.

पुस्तकी किडा
तुम्हाला चालते, मला नाही. जुना भाग पुन्हा वाचेन, आजची प्रकरणं वगळून.

मिरजेची तार
खर्ज, भातखंड्यांचा वेगळा धागा काढा. त्या वहीतल्या कोणत्या बंदिशी कोणाकडून आल्या ते गुरुमाउलींना तोंडपाठ आहे. त्यांना विचारून नावांसकट तिथे लिहितो.