पहिल्यांदाच सात रात्री बोटीवर राहून स्कुबा (मालदीव), बॅगेत काय घेऊ आणि काय नको?

निळी_छत्री (इंदूर)

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत मी आणि माझी मावसबहीण मालदीवला लिव्हअबोर्डवर चाललोय, म्हणजे सात रात्री बोटीवरच राहायचं, तिथेच जेवायचं झोपायचं आणि दिवसाला तीन-चार डाइव्ह. दोघींचीही पहिलीच वेळ. ओपन वॉटर (स्कुबाचा पहिला कोर्स) अंदमानात हॅवलॉकला केलं होतं, मागच्या वर्षी अ‍ॅडव्हान्स्डही झालं, माझ्या एकूण ४१ डाइव्ह झाल्यात पण सगळ्या हॉटेलातून सकाळी निघायचं आणि दुपारी खोलीवर परत अशाच. काही विसरलं तर बाजारात जाऊन आणता यायचं, इथे आठ दिवस चहूकडे पाणी.

बोटवाल्यांनी दोन पानी यादी पाठवलीय, ती वाचून वाटतं सगळं दुकानच विकत घ्यावं लागेल. आणि इंदूर ते मुंबई विमानात चेक-इनला १५ किलोच मिळतात. माझ्याकडे स्वतःचं काहीच नाही, आत्तापर्यंत सगळं भाड्याचं वापरलं. तर विकत काय घेऊ, भाड्याने काय घेऊ? कपडे किती? आणि मुख्य काळजी म्हणजे मला खंडवा रोडच्या भेरूघाटात सुद्धा गाडी लागते, बोट लागली तर आठ दिवस काय करू? आई म्हणतेय चिवडा-लाडूचे डबे ने, ते चालतात का? कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

राजवाडा_ते_रीफ (इंदूर)

अरे वा, आपल्या इंदूरचं कोणीतरी निघालं, फार आनंद झाला. मी तीन वेळा जाऊन आलोय, पहिल्या वेळी २२ किलोची कडक सूटकेस घेऊन गेलो होतो आणि ती ठेवायला केबिनमध्ये जागाच नव्हती, सात दिवस पलंगावर पायाशी घेऊन झोपलो. म्हणून पहिली गोष्ट, बॅग मऊ घ्या, घडी करून पलंगाखाली सरकवता येईल अशी.

ताई, आता सामानाचं. रेग्युलेटर (सिलेंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र) आणि बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) जड असतात आणि महाग, ते बोटीवरून भाड्याने घ्या, आत्ताच ईमेल करून साइज कळवून ठेवा कारण तिथे गेल्यावर तुमच्या मापाचं उरलं असेलच असं नाही. पण तीन गोष्टी स्वतःच्याच न्या. एक मास्क, कारण चेहरा प्रत्येकाचा वेगळा आणि गळका मास्क घेऊन २० डाइव्ह करणं ही शिक्षा आहे. दोन डाइव्ह कम्प्युटर, कारण दिवसाला चार डाइव्ह म्हणजे शरीरातला नायट्रोजन साठत जातो आणि त्याचा हिशोब तुमच्याच मनगटावरच्या कम्प्युटरला माहीत असतो, मधेच तो बदलला किंवा दुसऱ्याचा बघून चाललात तर तो हिशोबच तुटतो. तीन एसएमबी म्हणजे ती लांब नारिंगी फुगवायची नळी आणि तिची रील. मालदीवमध्ये बऱ्याच डाइव्ह चॅनलमध्ये, म्हणजे प्रवाळांमधल्या खोल वाटेत असतात, प्रवाह तुम्हाला वाहून नेतो आणि वर येता तेव्हा बोट जिथे सोडलं तिथे नसते, पाण्यावर नुसतं डोकं लांबून दिसतच नाही. नुसती विकत घेऊन उपयोग नाही, घरून निघायच्या आधी एखाद्या पूलमध्ये चार-पाच वेळा सोडून बघा, पहिल्यांदा दोरी हमखास हाताला गुंडाळली जाते आणि ते पूलमध्ये झालेलं बरं.

नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, पांढरी टूथपेस्ट लावून आतून बोटाने चांगली घासा, धुवा, परत घासा, असं तीन-चार वेळा. नाहीतर किती थुंकी लावा किंवा बेबी शाम्पू लावा, धुकं धरतच राहणार.

वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) ३ मिलिमीटरचा पुरतो, पाणी तिथे २८ डिग्रीच्या आसपास असतं. ऐकायला गरम वाटतं पण पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं, चौथ्या दिवशी तिसऱ्या डाइव्हला कुडकुडायला होतं. आत घालायला एक पातळ बनियनसारखा थर किंवा हूड (डोक्यावरची रबरी टोपी) असेल तर न्या.

अजून एक, मोठी बोट वेगळी आणि डाइव्हला जायची छोटी बोट वेगळी असते, तिला तिथे धोनी म्हणतात (आपल्याकडे डोणी म्हणतात त्याच्याच नात्यातला शब्द असावा असं मला नेहमी वाटतं). सिलेंडर, कॉम्प्रेसर, तुमचं सगळं ओलं सामान आठवडाभर धोनीवरच राहतं, त्यामुळे मोठ्या बोटीवर ओल्या सामानाचा पसारा होत नाही. मात्र धोनीवर नेण्यासाठी एक छोटी ड्राय बॅग लागतेच, त्यात टॉवेल, पाण्याची बाटली, विंडचीटर.

जेल रोडला डॉलर मार्केटमध्ये मोबाइलचं वॉटरप्रूफ पाऊच आणि तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडॅप्टर बघून ठेवा, मालदीवला इंग्लंडसारखे सॉकेट असतात, आपली गोल पिन बसत नाही. दोन अ‍ॅडॅप्टर घ्या.

हळदीचं_दूध (इंदूर)

मी बायकांच्या बाजूने लिहिते कारण ते यादीत कधीच नसतं.

कपडे, खरंच सांगते, निम्मे परत आणाल. बोटीवर चढल्या चढल्या चपला-बूट एका टोपलीत जमा होतात, आठवडाभर अनवाणीच. स्विमसूट किमान दोन, म्हणजे एक वाळतो तोवर दुसरा, वर पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहण्याचा घट्ट टी-शर्ट) आणि लेगिंग, हे उन्हापासूनही वाचवतं आणि वेटसूट सर्रकन चढतो. वर घालायला दोन सैल सुती कुर्ते, रात्रीचे कपडे, बस. टॉवेलऐवजी पंचे न्या, पटकन वाळतात आणि जागा खात नाहीत. मधे एखाद्या वस्तीच्या बेटावर नेतात, तिथे खांदे आणि गुडघे झाकणारं काहीतरी लागतं, एक सलवार-कुर्ता टाकून ठेवा.

केस लांब असतील तर हे वाचाच. मास्कच्या रबरी पट्ट्यात केस अडकून तुटतात, पट्ट्यावर चढवायचं कापडी कव्हर मिळतं ते घ्या. डाइव्हच्या आधी खोबरेल तेल लावून घट्ट वेणी घालायची, मिठाच्या पाण्याने जटा होत नाहीत. कपाळाला तेल लागू देऊ नका, मास्क सरकतो.

पाळीचं. प्रवासाने तारीख पुढे-मागे होते त्यामुळे तारीख नसली तरी सामान न्या. कप किंवा टॅम्पॉन वापरायची सवय आधी दोन महिने घरी करा, बोटीवर पहिला प्रयोग नको. बोटीच्या टॉयलेटमध्ये काहीही टाकायचं नसतं, त्यासाठी झिपवाल्या काळ्या पिशव्या न्या. मी पाळीत डाइव्ह केल्यात, खाली ग्रे रीफ शार्क होते, त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही, ती भीती मनातून काढा. पोट फार दुखत असेल तर मात्र ती डाइव्ह सोडा, कोणी काही म्हणत नाही.

आता बोट लागण्याचं. गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, आधी घ्यायची. आपल्याकडे घराघरात असते ती अ‍ॅव्होमिन झोप आणते, आणि झोपेत डाइव्ह करायची नसते, म्हणून डॉक्टरांना "मी स्कुबा करणार आहे" असं स्पष्ट सांगून कमी झोपेची गोळी लिहून घ्या आणि जायच्या आधी सुट्टीच्या दिवशी घरीच एक घेऊन बघा काय होतं ते. केबिन मागताना खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मध्यावरची मागा, तिथे हेलकावे सगळ्यात कमी. मी आलेपाकाच्या वड्या नेल्या होत्या, एक वडी गालात धरून क्षितिजाकडे बघत बसायचं, मला खूप फरक पडला. तसंही फेब्रुवारीत तिथे समुद्र शांत असतो आणि बोट बहुतेक वेळ प्रवाळांच्या गोल कड्याच्या (त्याला अ‍ॅटॉल म्हणतात) आत असते. आणि पाण्याखाली मळमळलंच तर रेग्युलेटर तोंडातून काढायचा नाही, त्यातच उलटी करायची, त्यातून बाहेर जाते. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी इतकी घाबरले नसते.

डबे जरूर न्या. चौथी डाइव्ह करून आल्यावर आईचा बेसनाचा लाडू म्हणजे काय असतं ते तिथेच कळेल, आणि आपली लवंग शेव नेलीत तर बोटीवरचे सगळे देशोदेशीचे लोक तुमचे मित्र होतील. फक्त सुकं खोबरं अख्खं किंवा वाट्या असं चेक-इनमध्ये चालत नाही, काढून घेतात. शाकाहारी असाल तर आत्ताच कळवा, तिकडे रोजच्या जेवणात टुना मासा असतोच.

बडोदेकर_काका (बडोदा)

वरच्या दोघांनी छान लिहिलंय. मी वयाने मोठा म्हणून थोडं काळजीचं लिहितो, राग मानू नये.

बॅटऱ्या. पॉवर बँक आणि टॉर्चचे लिथियम सेल केबिन बॅगेतच न्यायचे, चेक-इनमध्ये नाही. टॉर्चमधून सेल काढून टोकांना चिकटपट्टी लावा नाहीतर बॅगेतच तो चालू होऊन तापतो. चाकू असेल तर तो उलट चेक-इनमध्ये. बोटीवर केबिनमध्ये रात्री चार्जिंग लावून झोपायचं नाही, बोटीची चार्जिंगची जागा ठरलेली असते, तिथे जागे असताना लावा. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियात कन्सेप्शन नावाच्या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली, खालच्या मजल्यावर झोपलेले ३४ जण गेले. आग नेमकी कशाने लागली ते तपासात ठरलं नाही, पण रात्री कोणी गस्तच घालत नव्हतं हे स्पष्ट झालं. म्हणून पहिल्या दिवशी तुमच्या केबिनमधून वर यायचे दोन्ही रस्ते स्वतःच्या पायाने चालून बघा, रात्री पहाऱ्यावर कोण असतं ते विचारा, आणि उशाशी एक छोटा टॉर्च आणि पासपोर्टचं पाऊच ठेवून झोपा. हे विचारायला लाजू नका मुलींनो.

विमा. साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स बऱ्याचदा स्कुबा वगळतो किंवा किती मीटर खाली जायचं याची मर्यादा घालतो, बारीक अक्षरं वाचा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कसारख्या संस्थेचा डाइव्ह विमा घ्या. प्रेशर चेंबर (साठलेल्या नायट्रोजनचे अंगात बुडबुडे होऊन त्रास झाला तर उपचार करतात ती बंद टाकी) राजधानी मालेजवळ बंदोस बेटावर आहे पण दूरच्या अ‍ॅटॉलवरून तिथे पोचवणं आणि उपचार याचा खर्च खिशातून करायचा म्हटलं तर माणूस बुडतो.

मेडिकल फॉर्म आत्ताच भरा. एकाही प्रश्नाला हो असेल (दमा, बीपीची गोळी, कानाचं ऑपरेशन) तर डॉक्टरांची सही लागते, आणि ती समुद्रात मिळत नाही. माझ्या एका ट्रिपला एक गृहस्थ याच कारणाने चार दिवस डेकवर बसून होते, फार वाईट वाटलं.

कान. रोज चार वेळा पाणी गेल्यावर कानाच्या नळीला इन्फेक्शन होतं आणि ट्रिप तिथेच संपते. प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्याने कान धुवा, मान वाकडी करून पाणी काढा, पंच्याच्या टोकाने बाहेरूनच पुसा, काडी आत घालायची नाही. कान सुकवायचे थेंब डॉक्टरांना पडदा तपासून घेऊन मगच न्या. सर्दी झाली तर नाक मोकळं करायची गोळी घेऊन खाली जायचा मोह होतो, पण तिचा असर पाण्याखालीच उतरला तर वर येताना कानात हवा अडकते आणि भयंकर दुखतं. सर्दी म्हणजे सुट्टी.

जमलं तर जायच्या आधी नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा) कोर्स करा, एका दिवसाचा असतो. मालदीवमध्ये ३० मीटरपर्यंतच खाली जायची मर्यादा आहे, तेवढ्या खोल ३२ टक्के ऑक्सिजनचं नायट्रॉक्स चांगलं बसतं, नायट्रोजन कमी साठतो. त्याने जास्त खोल जाता येतं हा गैरसमज आहे, उलट आहे.

परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी, मी तर २४ धरतो. आणि निघण्याच्या आधीच्या ९६ तासांत मालदीवचा इमुगा फॉर्म (प्रवाशाची माहिती देण्याचा सरकारी फॉर्म) ऑनलाइन भरा, फुकट असतो, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. दारूची बाटली ड्यूटी फ्रीतून घेऊ नका, मालेला ठेवून घेतात. क्रूच्या टिपसाठी डॉलर सुटे न्या.

निळी_छत्री (इंदूर)

काका, दादा, ताई, तुम्हा तिघांचे मनापासून आभार, हे सगळं मी कागदावर उतरवून बहिणीला पाठवलं. मेडिकल फॉर्ममध्ये तिचं एक हो निघालं, लहानपणी दमा होता, उद्याच डॉक्टरांकडे जातोय, बरं झालं आत्ता कळलं. फक्त एक राहिलं, मला चष्मा आहे, उजवा उणे २.५ आणि डावा उणे ३. आत्तापर्यंत तसंच अंदाजाने बघत होते.

राजवाडा_ते_रीफ (इंदूर)

अहो मग तुम्ही अर्धा समुद्र बघितलाच नाही! नंबरच्या काचा बसवता येणारा मास्क घ्या, दोन वेगळ्या काचांचा, अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने तयार काचा मिळतात, तुमचे दोन्ही नंबर सरळ मिळतील. पाण्यात सगळं तसंही एक तृतीयांश मोठं दिसतं त्यामुळे किंचित कमी नंबरही चालून जातो. लेन्स वापरत असाल तर मऊ चालतात, कडक नाही, आणि मास्क काढायच्या सरावाला डोळे मिटून. आत्ता ऑर्डर करा, यायला वेळ लागतो. आणि बोटीवर घालायचा साधा चष्मा एक जास्तीचा न्या, दोरी लावून.