मदत हवी आहे : बाईंची माफी मागायची, पण मुद्दा सोडायचा नाही. कसं करू?

नमस्कार. मी परळच्या एका मराठी शाळेत दुसरीला शिकवते, ब तुकडी. अ तुकडीच्या बाई माझ्याहून बऱ्याच सीनिअर. पाढे त्यांच्यासारखे कुणी घेत नाही, हे आधीच सांगते.

वाद जुनाच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असं वाचन आलं आणि गदारोळ झाला होता, आठवत असेल. माझ्या वर्गात बरीच मुलं घरी तेलुगू, कन्नड बोलणारी. त्या भाषांत दशक आधी, एकक नंतर. आपल्याकडे उलटं. त्यामुळे 'त्रेपन्न' ऐकून ती ३५ लिहितात. म्हणून मी आधी 'पन्नास तीन' म्हणून घेते, मग 'त्रेपन्न'. दोन्ही येतात हो शेवटी!

परवा मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर बाई म्हणाल्या, "पोरांची मराठी बिघडवतेस." मीही बोलून गेले, "बाई, पुस्तक उघडून बघितलंत का कधी?" स्टाफरूम चिडीचूप. तेव्हापासून बाई माझ्या वाटचा चहासुद्धा पुढे सरकवत नाहीत.

घटक चाचणीची प्रश्नपत्रिका आम्हा दोघींना मिळून काढायची आहे, त्यात अंकवाचनाचा प्रश्न असणारच. माझा सूर चुकला, पद्धत नाही. अपमान सगळ्यांसमोर झाला, मग माफीही सगळ्यांसमोरच मागू की एकटीने त्यांच्या वर्गात जाऊ? आणि अंकांचा विषय तेव्हाच काढू की चाचणी होऊन जाऊ दे? असा प्रसंग कुणी निभावला असेल तर सांगा.