घाईत डोकं बंद पडतं: वय की ताण?

प्रश्न – मनमोकळा
सत्तरीतल्या माणसाला एरवी सगळं आठवतं. पण एटीएमसमोर मागे रांग लागली की पिन सुचत नाही, आणि घरी चपला काढता काढता नेमका आठवतो. ही विस्मरणाची सुरुवात समजायची का? या वयात ताण पेलायची ताकद वाढते का?

पिंपळपान
घाईतच अडत असेल तर बहुधा ताणच. ताणात शरीरात सुटणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलं की साठवलेलं वर यायला अडतं, पुसलं जात नाही. हे कॉर्टिसॉल आवरायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी सांभाळणारा भाग, मदत करतो, आणि वयाबरोबर नेमका तोच आक्रसतो. त्यामुळे पूर्वी लगेच उतरणारा ताण आता रेंगाळतो.

चालण्याने फरक पडतो. २०११ च्या एका प्रयोगात ५५ ते ८० वयाचे १२० जण होते. आठवड्यातून तीनदा चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस वर्षभरात सुमारे २ टक्के वाढला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा थोडा घटला. सुरुवात १० मिनिटांनी, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत सातव्या आठवड्यात ४० मिनिटं. पहिल्याच दिवशी ४० मिनिटं चालायला गेलं की गुडघे बोलतात आणि सगळंच बंद पडतं.

शंकेखोर
अर्धीच गोष्ट सांगितलीत! त्या प्रयोगात स्मरणशक्ती दोन्ही गटांची सुधारली होती. चाला जरूर, पण २ टक्क्यांचा ढोल नको.

पिंपळपान
मान्य.

संथलय
ऐनवेळी उपयोगी पडतो तो श्वास. ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा. सगळी चूक 'खोल' या शब्दात होते: लोक छाती भरभरून ओढतात, कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि घाबरगुंडी आणखी वाढते. श्वास लहानच ठेवा, फक्त सोडताना लांबवा. रोखून धरू नका. रोज ५ मिनिटं निवांत असताना सराव हवा, नाहीतर रांगेत आठवणार नाही.

शंकेखोर
आधी औषधांचा डबा तपासा. डायफेनहायड्रामिन असलेल्या झोपेच्या किंवा अॅलर्जीच्या गोळ्या या वयात डोकं गढूळ करतात. बी-१२, थायरॉइड आणि कानही तपासून घ्या. नीट ऐकूच आलं नाही तर आठवणार काय? नैराश्यातही विसरायला होतं. आणि गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला, कमी-जास्त होत राहिला, तर ताणाचं नाव न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बऱ्याचदा आत कुठेतरी संसर्ग असतो, ताप नसला तरी.