दोन माणसांचा संघ हिवाळी ऑलिंपिकला पाठवावा की नाही?

नेरूळकरीण
2026 च्या फेब्रुवारीत इटलीत मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिक झालं. आपले खेळाडू दोन. गुलमर्गचा आरिफ खान स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतारावरून येणारा, आणि लडाखचा स्टान्झिन लुंडुप क्रॉस-कंट्रीत, म्हणजे चढउतारावर लांब पल्ला स्कीवर कापणारा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकांनी लिहिलं, "दोन जण पाठवून देशाचं हसं कशाला करून घ्यायचं? तेच पैसे कबड्डीला द्या." खाली भराभर अंगठे पडले. मला ते फार लागलं, म्हणून इथे विचारते.

लागलं कारण माझी मुलगी पाच वर्षं रोलर स्केटिंग करते. पहाटे साडेपाचला रिंकवर, सव्वासातला घरी, मग शाळा. यंदा जानेवारीत ती लेहला पहिल्यांदा खऱ्या बर्फावर उभी राहिली. चाकांवर वळताना अंग जितकं कलतं तितकं बर्फावर कललं की पाय निसटतो. तिथे पात्याची धार बर्फात रुतवावी लागते. शिवाय साडेतीन हजार मीटरची उंची, धाप लागते. दोन दिवस ती नुसती पडत होती. तिसऱ्या दिवशी एक पूर्ण फेरी न पडता मारली आणि मला फोन करून रडली. तिला कुणी "पदक आणणार का?" असं विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं?

माझं मत स्पष्ट आहे. दोन असोत की एक, दर वेळी पाठवावेत. विरुद्ध मत असेल तर कारणासकट लिहा.

घोडबंदरवाला
ताई, मुलीचं मनापासून कौतुक. पण मी त्या अंगठेवाल्यांच्या बाजूचा आहे.

भारत 1964 पासून हिवाळी ऑलिंपिकला जातोय. पदक एकही नाही. 2022 ला बीजिंगला आरिफ एकटाच होता. जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे खांब जास्त अंतरावर असलेल्या शर्यतीत, 45वा आला आणि स्लॅलमची शर्यत पूर्ण झाली नाही. साठ वर्षं कमी नाहीत. आणि हे मी घोडबंदर रोडवरून लिहितोय, जिथे टॉवरला टॉवर लागलाय आणि माझा दहा वर्षांचा मुलगा पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून बॉल खेळतो. दर रविवारी वॉचमनशी वाद. ज्या शहरात पोरांना धावायला जागा नाही, तिथल्या माणसाने कराचा पैसा बर्फावर खर्च होताना आनंद का मानावा?

पाचपाखाडी
घोडबंदरवाला, आकडे बरोबर आहेत, अर्थ चुकीचा लावताय. साठ वर्षं "प्रयत्न" झालेलाच नाही. 1964 ला इन्सब्रुकला गेले ते जेरेमी बुयाकोव्स्की, पोलंडमध्ये जन्मलेले. 1968 ला पुन्हा तेच. मग एकदम 1988 आणि 1992. त्यानंतर 1998 ला नागानोला शिव केशवन गेला तेव्हा तो 16 वर्षांचा होता. त्याचा खेळ ल्यूज, म्हणजे घसरगाडीवर उताणं पडून बर्फाच्या नळीतून सुसाट सुटायचं. देशात तसा ट्रॅकच नाही. हा मुलगा मनालीच्या डोंगरी रस्त्यांवर चाकं लावलेल्या घसरगाडीवर सराव करायचा, समोरून ट्रक येत असताना. 2018 पर्यंत सहा ऑलिंपिक केली त्याने. 2014 ला सोचीला तर भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित, म्हणून आपली मुलं स्वतःच्या झेंड्याशिवाय मैदानात चालत आली. चूक कुणाची आणि मान कुणाची खाली?

45व्या क्रमांकाचंही ऐका. त्या दिवशी बर्फ पडत होता. सुरुवात 89 जणांनी केली आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना दोन्ही फेऱ्या पूर्ण करता आल्या नाहीत. आणि कुणालाही उचलून "पाठवता" येत नाही. वर्षभर आंतरराष्ट्रीय शर्यती खेळून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे गुण ठरावीक आकड्याखाली आणावे लागतात (तिथे गुण जितके कमी तितकं चांगलं), तरच दार उघडतं.

ऑस्ट्रेलियाने 1936 ला पहिला खेळाडू पाठवला. पहिलं पदक 1994 ला. पैसा होता, बर्फाचे डोंगर होते, तरी 58 वर्षं लागली.

घोडबंदरवाला
ऑस्ट्रेलियाकडे डोंगर होते, हे तुम्हीच लिहिलंत. मी केनियाचं उदाहरण देतो. 1998 ला नागानोला फिलिप बोइट क्रॉस-कंट्रीत शेवटचा आला. विजेता ब्योर्न डेली त्याच्यासाठी अंतिम रेषेवर थांबला, मिठी मारली. सुंदर प्रसंग, माझेही डोळे भरतात. बोइट 2006 पर्यंत खेळला, आणि त्याच्यानंतर हिवाळी ऑलिंपिकला केनियाचा खेळाडू दिसायला 2018 उजाडलं. मिठीने खेळ रुजत नाही.

कळव्याचे सर
मी 22 वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. पदकाचा मुद्दा मला गौण वाटतो. माझा आक्षेप वेगळा आहे: हा खेळ परवडतो कुणाला? बर्फाचे बूट, पाती, लेहचं विमान, वर परदेशात सराव. माझ्या वर्गातल्या मुली आंतरशालेय स्पर्धेला एकमेकींचे स्पाइक्स घालून धावतात. एकीची शर्यत संपली की दुसरीला बूट. सरकारचा रुपया खेळावर जातो तेव्हा पहिला हक्क त्यांचा. नेरूळच्या ताईंना राग येईल, पण मी हे त्या मुलींच्या वतीने लिहितोय.

नेरूळकरीण
राग नाही सर. पण बर्फावरचे खेळ श्रीमंतांचेच, हे आपलं इथे बसून झालेलं मत आहे. मी लेहला जे पाहिलं ते सांगते.

आपल्या महिला आइस हॉकी संघात बहुतेक मुली लडाखच्या, काही स्पितीच्या. शेतकऱ्यांच्या घरच्या. तिथे थंडीत सपाट जागेत, तळ्यात पाणी सोडतात, रात्रीत ते गोठतं, की झालं मैदान. हे जेमतेम दोन महिने. 2016 ला पहिल्यांदा परदेशी, तैपेईला खेळायला जायचं ठरलं तेव्हा लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. 2017 ला बँकॉकला फिलिपिन्सला 4-3 हरवलं, तो त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. आणि 2025 ला अल ऐनला महिला आशिया चषकात कांस्यपदक. सर, तुमच्या बूट बदलून धावणाऱ्या मुली आणि या मुली एकाच रांगेत उभ्या आहेत.

आणखी एक. 2 नोव्हेंबर 2025 ला आमच्या नेरूळमध्ये डी. वाय. पाटीलला भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. मध्यरात्र उलटून गेली होती, आम्ही सगळे खाली रस्त्यावर. 1978 ला आपला महिला संघ पहिल्यांदा विश्वचषक खेळला तेव्हा त्यांनाही कुणी विचारत नव्हतं. 47 वर्षं थांबलोच ना?

घोडबंदरवाला
क्रिकेट गल्लीत होतं. ठाण्यात बर्फ कुठून आणणार?

पाचपाखाडी
मनिलात कुठून आणला? फिलिपिन्सचा मायकल मार्टिनेझ मॉलमधल्या रिंकवर स्केटिंग शिकला आणि 2014 ला सोचीला फिगर स्केटिंगमध्ये 19वा आला. मनिला आपल्याइतकीच दमट. आणि आपल्या क्रॉस-कंट्री स्कीअर भवानी तर कोडगूच्या, कॉफीच्या मळ्यांच्या मुलखातल्या.

तुर्भे एमआयडीसी
हा प्रश्न माझ्या धंद्यातला आहे. शीतगृहांच्या यंत्रणा बसवणं आणि चालवणं हे माझं काम.

बर्फ करणं अवघड नाही. पूर्ण आकाराची हॉकी रिंक 60 बाय 30 मीटर. त्यावर साडेतीन सेंटिमीटर बर्फ धरला तर पाणी लागतं सुमारे 58 हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर सहा. काँक्रीटखालच्या पाइपांतून गार मिठाचं पाणी किंवा ग्लायकॉल फिरवायचं आणि बर्फ उणे पाचच्या आसपास ठेवायचा. आम्ही मटार उणे 18 ला ठेवतो, त्यामानाने हे सोपं.

अवघड आहे ती हवा. शीतगृहाचं दार बंद असतं. रिंकवर शंभर माणसं श्वास घेतात आणि दार उघडलं की खाडीवरची दमट हवा आत. ती गार बर्फावर आली की धुकं धरतं, वर दव गोठून खरखरीत थर बसतो, पातं अडकतं. म्हणून हवा कोरडी करणारी यंत्रणा दिवसरात्र चालवावी लागते, पावसाळ्यात तर विचारूच नका. आणि वीज आठ-दहा तास गेली की बर्फ मऊ पडायला लागतो.

डेहराडूनचा अनुभव पाहा. 2011 ला दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे बंदिस्त रिंक बांधली. स्पर्धा झाल्या आणि चालवायचा खर्च झेपेना, म्हणून ती कित्येक वर्षं बंद पडून होती. 2025 ला परत सुरू झाली. बांधायला पैसा मिळतो. दर महिन्याचं वीजबिल कोण भरणार, हे फायलीत कुठेच नसतं.

म्हणून माझं मत: खेळाडू जरूर पाठवा, पण नवी मुंबईत रिंकचा हट्ट आता नको. इथे चांगले रोलर ट्रॅक करा, डागडुजी वेळेवर करा, आणि निवडक मुलांना उन्हाळ्यात डेहराडूनला महिनाभर ठेवा. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत लेहला आपली महाराष्ट्राची मुलं पदकं मिळवतात ती चाकांवरच तयार झालेली असतात.

ऐरोली
डोंगरातला बर्फसुद्धा आता भरवशाचा राहिला नाही. 2025 ला गुलमर्गच्या खेलो इंडिया स्पर्धा बर्फच पडला नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. डेहराडून चालू राहणं याच कारणाने फार महत्त्वाचं आहे.

घोडबंदरवाला
तुर्भेवाल्यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. ठीक, दोन माणसांच्या तिकिटाला माझा विरोध मागे घेतो. महासंघाच्या गुणांचं मला माहीत नव्हतं. मला वाटायचं कुणीही ओळखीने जातं. रिंकला विरोध कायम. आणि मोकळ्या भूखंडावर आधी मैदान हवं, रोलर ट्रॅक त्यानंतर. यावर मी हटणार नाही.

कळव्याचे सर
माझं मत तसंच आहे, पहिला हक्क माझ्या मुलींचा. पण ताई, एक विचारतो. सातवीतल्या दोघींचा तोल फार चांगला आहे. चाकांचे बूट भाड्याने किंवा जुने मिळतात का? मापं चार आणि पाच.

नेरूळकरीण
सर, चारचा जोड आमच्याकडेच पडून आहे. मुलीच्या पायाला आता होत नाही. चाकं झिजलीत, ती बदलून देते. पाचचा रिंकवरच्या पालकांना विचारते. रविवारी सहाला मुलींना घेऊन या, ट्रान्स-हार्बरची पहिली गाडी पकडा. कोपराला आणि गुडघ्याला बांधायचं आमच्याकडे आहे, फक्त हेल्मेट आणा.